मागची काच

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले की काका उजवा हात बाहेर काढायचे. गाडीतून नव्हे, पायी चालताना. एका हातात भाजीची पिशवी, पायात स्लीपर, आणि वळायच्या जरा आधी दुसरा हात खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर. मागून सायकलवाला येत असो, दूधवाला येत असो की नुसतं कुत्रं, त्याला कळलं पाहिजे की हा माणूस आता उजवीकडे वळणार आहे. डावीकडे वळायचं असलं तर तोच हात ते हवेत गोल फिरवत. नवा माणूस गोंधळून जागीच थांबायचा. आम्हाला सवय होती. तुमच्याही ओळखीत असा कोणी असेल, ज्याची नोकरी संपली तरी हातापायांना ते कोणी कळवलेलं नसतं.

काका लाल बसवर ड्रायव्हर होते. अकोला डेपो. सारी नोकरी त्यांनी अमरावती, मूर्तिजापूर, कारंजा, वाशीम अशी या वऱ्हाडातल्या वऱ्हाडात काढली. अकोल्यात कौलखेडकडे आमची घरं समोरासमोर, मध्ये एक चिंचोळा रस्ता. मी वीज कंपनीत कामाला असल्यामुळे काका मला गल्लीतला सरकारी वायरमन समजत. मिक्सर बंद पडला, कूलरचा पंखा उलटा फिरला की फाटकातून हाक यायची, "भाऊ, जरा येता का? तुमच्या खात्याचं काम हाय."

बैठकीत काचेच्या कपाटात त्यांचा बिल्ला ठेवलेला असायचा. नोकरीत एकही अपघात केला नाही म्हणून डेपोतल्या समारंभात छातीवर लावलेला. पाहुणा आला की काकू चहा ठेवायच्या आणि काका कपाटाशेजारच्या खुर्चीवर बसायचे. बिल्ल्याबद्दल स्वतःहून काही बोलायचे नाहीत, पण पाहुण्यानं विचारल्याशिवाय त्या खुर्चीवरून उठायचेही नाहीत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी गाडी घेतली. कोण्या धान्याच्या व्यापाऱ्याची, मागे लांब डिकी असलेली. रंग उडालेला होता, पण आतून चांगली राखलेली. मागच्या काचेवर मधोमध व्यापाऱ्याच्या दोन्ही मुलांची नावं मोठ्या स्टिकरवर होती. गाडी आणल्या दिवशीच काका साबणाचं पाणी आणि दाढीचं ब्लेड घेऊन मागच्या सीटवर गुडघे टेकून बसले. मी गॅलरीतून पाहत होतो. सारी दुपार खरवडणं चाललं होतं.

"राहू द्या ना काका, छान नावं आहेत," मी वरून म्हणालो.

"दुसऱ्याच्या लेकरायची नावं घेऊन आपन कायले फिराव?" ते आतूनच म्हणाले.

संध्याकाळी काच अशी झाली की जशी नाहीच.

गाडी पुढे नेण्यात काकांना कोणी हरवलं नसतं. अडचण मागे घेण्याची होती. बस मागे घेताना कंडक्टर खाली उतरतो, शिट्टी वाजवतो, पत्र्यावर थाप मारतो. ड्रायव्हरनं फक्त त्याच्या आवाजावर भरवसा ठेवायचा. काकांनी आयुष्यभर तेच केलं. आता कंडक्टर नव्हता, म्हणून ते काम काकूंकडे आलं. आमच्या रस्त्यावर गाडी वळवायला जागा नाही, त्यामुळे बाहेर पडायचं ते मागे मागेच. काकू पदर खोचून गाडीच्या मागे उभ्या राहायच्या आणि हात हलवत ओरडायच्या, "येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या... बस!" बस म्हटलं की गाडी जागच्या जागी थांबे. बार्शीटाकळीच्या माळी घराण्यातल्या त्या. मोटेवरच्या माणसाला मळ्याच्या दुसऱ्या टोकावरून हाक मारायची लहानपणापासूनची सवय. आवाज खणखणीत.

त्या हिवाळ्यात एकदा दोघं सकाळीच अमरावतीला निघाले होते. मुलगी तिकडे दिलेली, तिच्या घरी काही कार्यक्रम होता. रात्रभर दव पडलं होतं आणि मागची काच आतून-बाहेरून पांढरी झाली होती. त्यात त्याच दिवशी नळ आले होते. अकोल्यात नळ येणं म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. आठवड्याचं पाणी त्या तासाभरात भरायचं असतं. घरोघरी मोटारी घरघरत होत्या आणि रस्त्यावर आडवेतिडवे पाइप पसरले होते.

काकांनी गाडी सुरू केली. मागची काच गरम करायचं एक बटण त्या गाडीला होतं. ते दाबलं की काचेवरच्या बारीक तपकिरी तारांमधून वीज जाते आणि धुकं विरतं. काकांनी बटण दाबलं. बटणाचा दिवा लागला. काच तशीच पांढरी. "येऊ द्या" ऐकू आलं तशी त्यांनी गाडी मागे घ्यायला सुरुवात केली.

आमचा पाइप चाकाखाली येत होता. तो बाजूला करायला काकू वाकल्या आणि वाकताना "थांबा!" म्हणाल्या. मोटारींच्या आवाजात ते काकांपर्यंत पोचलंच नाही.

मी धावत खाली गेलो तेव्हा काकू रस्त्यावर बसलेल्या होत्या, उजवं मनगट डाव्या हातात धरून. काका गाडीतच होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी दार उघडलं तेव्हा कुठे उतरले. मागे आले, काकूंकडे पाहिलं.

"मले काई नाई झालं," काकू म्हणाल्या. "भाऊचा पाइप पाहा, फाटला का."

मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, "कशा पडलात?"

"गाडीनं पाडलं."

"कोणाच्या गाडीनं?"

काकूंनी हनुवटीनं काकांकडे दाखवलं. "यायच्या."

डॉक्टर हसले. काका हसले नाहीत. "हो," म्हणाले, "म्याच देल्ली धडक."

परत येताना रिक्षात काकू म्हणाल्या, "जलमात कोनाले धक्का नाई लावला यायनं. मीच राह्यली होती." काकूंचं बोलणं असंच होतं. कौतुक आहे की टोमणा, ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं. काकांनी त्या दिवशी काय ठरवलं ते संध्याकाळी दिसलं. काचेच्या कपाटात बिल्ला नव्हता.

काकूंनी तो कपड्यांच्या घडीखालून शोधून पुन्हा जागेवर ठेवला. काकांनी काढला. पुन्हा काकूंनी ठेवला. हे किती दिवस चाललं कोण जाणे. मी गेलो की कधी बिल्ला असायचा, कधी रिकामी जागा.

गाडीवर कापड पडलं. अमरावतीला जायचं तर दोघं बसनं जाऊ लागले. एकदा मीही त्याच बसमध्ये होतो. काका खिडकीशी बसले होते, मध्येच त्यांचा उजवा पाय जोरात फळीवर दाबला जायचा. शेजारी काकू प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन गर्दीतल्या प्रत्येक धक्क्याला डोळे मिटत होत्या.

मुलीनं फोनवर सांगितलं, गाडी विकून टाका. काका तयार झाले. गिऱ्हाईकही आलं. काकांनी कापड काढलं, गिऱ्हाईक भोवती फिरून पाहू लागलं, तेवढ्यात काकू बाहेर आल्या.

"इकाची नाई," त्या गिऱ्हाइकालाच म्हणाल्या. "जा भाऊ तुमी."

तो गेल्यावर काका वैतागले. "काहून? कोन चालवनार हाय?"

"तुमी."

"मी नाई आता..."

"आयका. जलमभर तुमी लोकायले फिरवलं. लगनायले नेलं, जत्रेले नेलं. मी कवा बसली तुमच्या गाडीत? बसली तं तिकीट काढून, मांगच्या सीटवर. आता घरची गाडी हाय तं तिच्यावर कापड टाकून ठेवता?"

मी फाटकात उभा होतो, आत जावं की परत फिरावं कळेना. काका गाडीच्या मागे गेले, काचेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "काच साफ दिसन तवाच चालवीन. नाईतं नाई."

तेव्हापासून ते त्या काचेच्या मागे लागले. आमच्याकडे उन्हाळ्यात गाडीच्या छतावर पापड भाजावा असं ऊन पडतं. त्या गावात हा माणूस मागची काच गरम करून मागत गॅरेज-गॅरेज फिरू लागला. पहिला मेकॅनिक पोट धरून हसला. दुसऱ्यानं मागे कॅमेरा आणि पुढे छोटा पडदा बसवून देतो म्हटलं. "आता टीव्ही पाहून गाडी मांग घेऊ?" काका घरी येऊन मला सांगत होते. तिसऱ्यानं फडकं दिलं. खरंच दिलं, पिवळं, गाडी पुसायचं.

शेवटी मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे आम्ही गाडी नेली. मीच चालवली, काका शेजारी. त्यानं फ्यूज पाहिला, रिले पाहिला, मागचं अस्तर खोलून टेस्ट लॅम्प लावला. काचेच्या कडेपर्यंत वीज येत होती.

"करंट बराबर आहे, चाचा," तो म्हणाला. "काचेवरच्या लाइनी कुठंतरी तुटल्या आहेत. या मॉडेलची काच आता मिळत नाही. भंगारात मिळाली तर बघतो."

भंगारात मिळाली नाही. काकांनी मला हाक मारली. "भाऊ, तुमच्याजवळ थे मीटर हाय ना?"

तुटलेली तार शोधायची सोपी युक्ती अशी की काचेवर वाफ धरू द्यायची, बटण दाबायचं, आणि कुठलं धुकं विरत नाही ते पाहायचं. मला हे माहीत होतं, पण दिवस पाहा. थंडी सरली होती. भर दुपारी आम्ही काकूंकडून उकळत्या पाण्याचं पातेलं घेतलं, मागच्या सीटवर ठेवलं, काचा लावल्या आणि आत बसलो. घामानं आम्ही दोघं भिजलो. तापलेल्या काचेवर मात्र एक थेंब धरेना. दारं उघडून बाहेर पडलो तर काकू पायरीवर बसून पाहत होत्या.

"भजे झाले का तळून?" त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "सकाळी करा. मी वरून माठाचं पानी टाकतो, काच थंडी होईन. तवा धरन वाफ."

दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच केलं. मी आत पातेलं घेऊन, काका ड्रायव्हरच्या सीटवर, आणि काकू बाहेरून डाव्या हातानं तांब्या-तांब्या पाणी काचेवर सोडत होत्या. बघता बघता काच पांढरी झाली. काकांनी गाडी सुरू करून बटण दाबलं. थोड्या वेळानं सर्वात वरच्या तारेभोवती एक पारदर्शक पट्टी उमटली. मग तिच्या खालची. खालच्या टोकाच्याही दोन-तीन. मधल्या साऱ्या तारा मात्र मेलेल्या, सगळ्या काचेच्या मधोमधच तुटलेल्या. मी मीटर लावत प्रत्येक तुटीची दोन्ही टोकं शोधली आणि पेनानं खूण करत गेलो. खुणा झाल्यावर मागे सरकून पाहिलं तर त्यांचा सरळ चौकोन तयार झाला होता.

मला लगेच उमगलं नाही. काका सीटवर वळून बसले होते. त्यांना उमगलं.

"हे तं म्याच केलं," ते म्हणाले.

स्टिकर. दाढीचं ब्लेड. ती सारी दुपार.

गाडी बंद करून ते उतरले. काकू तांब्या हातात घेऊन उभ्या होत्या. काकांनी त्यांना सांगितलं. मला वाटलं होतं, वायरिंगचं काहीतरी म्हणून विषय टाळतील. नाही. रस्त्यात उभं राहून, डेपो मॅनेजरला रिपोर्ट द्यावा तसं सरळ सांगितलं. "मालकानं गाडी देल्ली तवा काच चालू होती. म्या ब्लेडनं तारा कापल्या. काच साफ झाली नाई थे माह्यामुळं. तू पडली थे माह्यामुळं. डबल चूक हाय."

काकूंनी तांब्या पायरीवर ठेवला.

"तुमी काच साफ करून राह्यले होते," त्या म्हणाल्या. "मी पाइप उचलून राह्यली होती. दोघंई कामच करत होतो ना? कोनी जुवा खेळत होतं का?"

काकांनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं, मग बराच वेळ चष्मा पुसत बसले. मी पातेल्यातलं पाणी तुळशीच्या आळ्यात ओतायला घेऊन गेलो. ते अजून गरम होतं म्हणून काकू माझ्यावर ओरडल्या.

तुटलेली तार जोडायला चांदीच्या रंगाचं, वीज वाहून नेणारं एक रंगद्रव्य मिळतं. नेलपॉलिशसारखी छोटी बाटली आणि तिच्यात ब्रश. मुलीनं अमरावतीहून ऑनलाइन मागवून दिली. काम किचकट होतं. स्पिरिटनं काच पुसायची, तारेच्या वर आणि खाली टेप लावायची, मध्ये तारेएवढीच फट ठेवायची, आणि तिच्यात रंगाचा हात फिरवायचा. मग वाळू द्यायचं. मग टेप अशी काढायची की रंग सोबत यायला नको.

ब्रश काकांनी मागितला. पहिल्या तारेला ब्रश टेपबाहेर गेला आणि रंग भलतीकडेच लागला. तो पुसला. दुसऱ्यांदा त्यांनी उजवं मनगट डाव्या हातानं धरलं. मला काकू रस्त्यावर बसलेल्या आठवल्या. काकूंचं प्लास्टर तोवर निघालं होतं. त्या मागच्या दारातून आत डोकावून पाहत होत्या. "श्वास रोखू नोका," त्या म्हणाल्या. "पापड लाटल्यावानी करा, सावकाश." त्यानंतरच्या तारा नीट जमल्या. मी मीटर लावायचो, तो पीं करायचा, आणि काका पेरलेल्या बीला कोंब फुटलेला पाहावा तसे त्याच्याकडे पाहायचे. एक तार काही केल्या जुळली नाही. तीनदा केली.

"असू द्या," शेवटी काकाच म्हणाले. "डेपोतल्या गाडीचं तं दारच लागत नोतं."

गाडी खऱ्या अर्थानं निघाली ती श्रावणात. रात्रीपासून झड लागली होती, सारं ओलं, आणि काच पुन्हा पांढरी. मी कामावर निघायच्या तयारीत गॅलरीत आलो. काकांनी गाडी सुरू केली. काकू सवयीनं छत्री घेऊन मागे जाऊन उभ्या राहिल्या. काच हळूहळू मोकळी होऊ लागली आणि तिच्यातून आधी छत्री दिसली, मग काकू.

काकांनी खिडकीतून डोकं काढलं. "अवं, तठी काय करतं? म्होरं येऊन बस."

"मंग मांग कोन पाह्यन?"

"मी पाह्यतो. बस तू."

काकू पुढच्या सीटवर बसल्या. छत्री ओली म्हणून ती कुठे ठेवावी यावर दोघांचं थोडं वाजलं. मग काकांनी सीटच्या पाठीवर हात टाकला, अख्खं अंग वळवलं, आणि मागे पाहत, फार मन लावून पाहत, गाडी बाहेर काढली. माझ्या पाहण्यात त्यांनी स्वतः पाहून गाडी मागे घेतल्याची ती पहिलीच वेळ.

नंतर ती दोघं बरीच फिरली. बार्शीटाकळीहून काकूंच्या भावाच्या मळ्यातून वांगी, मेथी यायची, त्यातली आम्हाला मिळायची. अमरावतीला तर दर पंधरवड्याला जाणं. एकदा चिखलदऱ्यालाही गेले, ऐन पावसाळ्यात. परत आल्यावर मी काकूंना विचारलं, कसं काय वाटलं.

"धुकंच धुकं," त्या म्हणाल्या. "म्होरलं काई दिसे ना. पन मांगचं सारं झकास दिसत होतं!" आणि इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. काकाही हसले. त्या काचेवरून त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

बिल्ल्याचं शेवटी काय झालं ते मला माहीत नाही. कपाटात पुढे नातवाचे फोटो आले.

काका गेले ते अमरावतीला, मुलीच्या घरी. पहाटे छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. आम्ही गल्लीतले काही जण कळताच निघालो. डेपोतले जुने ड्रायव्हर, कंडक्टर आले होते. एक जण ड्यूटीवरूनच, खाकी कपड्यात. फार रडारड नव्हती. वऱ्हाडातल्या घरात असते तशी कामांची घाई होती, कोणी हार आणत होतं, कोणी भटजींना फोन करत होतं. काकू भिंतीशी बसून होत्या. कोणी काही विचारलं की उत्तर देत होत्या.

शववाहिका आली. चालवणारा तरुण होता, कानात गाण्याची वायर, इंजिन चालूच ठेवलेलं. काकांना मागे ठेवलं, दार लागलं. आम्ही आपापल्या गाड्यांकडे वळलो.

काकू फाटकातून बाहेर आल्या. मुलगी धरायला गेली तर तिचा हात त्यांनी बाजूला केला आणि सरळ ड्रायव्हरच्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यानं कानातली वायर काढली.

"सावकाश घे, बापू," काकू म्हणाल्या. "मांग डायवर हाय."

पोरानं मान हलवली. गाणं बंद केलं, पट्टा लावला, दोन्ही आरसे नीट केले, आणि मग गाडी काढली.